माझी ट्राइक आणि पितांबर भाऊंचा फ्लेक्स

पिंप्राळ्यातल्या लोकांना तीन चाकं दिसली की एकच प्रश्न सुचतो. पहिल्या आठवड्यात मी तो एकोणीस वेळा ऐकला. विसाव्यांदा विचारायला मेडिकलवाले काका चक्क दुकान सोडून रस्त्यावर आले.

"बेटा, पायाला काय झालं?"

"काही नाही काका. पाय मजेत आहेत."

"मग ही असली गाडी का?"

"मजा येते म्हणून."

काकांनी चेहरा असा केला, जणू मजा हा एक आजार आहे आणि त्याचं औषध नेमकं आजच संपलंय.

माझी गाडी म्हणजे रिकंबंट ट्राइक. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जाळीची आरामखुर्ची. तिच्यात रेलायचं, पाय समोर लांब करायचे आणि पेडल मारायचं. हँडल कमरेच्या दोन्ही बाजूंना. धुळ्याला देवपुरात राहणारे ज्ञानेश्वर सर कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचे, त्यांची ही. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. मी दोनदा सायकलवरून पडून एक दात घालवला होता, त्यामुळे आईने दुचाकीचं नाव काढायलाही बंदी केली होती. हिच्यावरून पडायचं म्हटलं तरी जमत नाही, या एका मुद्द्यावर अप्पा तयार झाले आणि आम्ही ती छोट्या हत्ती टेम्पोत घालून जळगावला, पिंप्राळ्यात आणली.

एकदा रेललं की ओळखीचा रस्ता अनोळखी होतो. कडुनिंब खालून दिसतात. कुत्री बरोबरीच्या नात्याने बघतात. रेल्वेवरच्या पुलाच्या उताराला तर वारा आधी तळपायांना लागतो आणि मग सावकाश तोंडापर्यंत येतो. आमच्या वर्गातला स्वप्नील भावाच्या बुलेटवर, लायसन्स नसताना, पाठीला पोक काढून बाजूने जातो आणि ओरडतो, "खाटलं आलं, खाटलं." मला राग येत नाही. ज्याला बसण्याचा एकच प्रकार माहीत आहे आणि तोही नीट जमत नाही, त्याच्यावर काय रागवायचं?

त्रास अप्पांना व्हायला लागला. ते चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. शिफ्ट संपली की टपरीवर चहा घेतात. तिथे लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "देव बघतो सगळं" म्हणू लागले. तरी त्यांनी सहन केलं. मग शनिवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला.

पितांबर भाऊंना आमच्या वॉर्डाचे नगरसेवक व्हायचंय. त्यांचा वाढदिवस होता. फ्लेक्सवर गॉगल लावलेले, कानाला मोबाइल लावलेले भाऊ, खाली पासपोर्ट फोटोंसारखी चोवीस कार्यकर्त्यांची डोकी आणि कोपऱ्यात ट्राइकवर मी. कुणी, कधी फोटो काढला, देव जाणे. खाली छापलं होतं, 'दिव्यांग कन्या कु. साक्षी हिच्या जिद्दीस सलाम. भाऊंच्या शुभहस्ते सत्कार, सायं. ६ वा.'

अप्पा त्या दिवशी रात्रपाळीवरून चहा न पिताच घरी आले.

"सरांना फोन करतो. गाडी परत."

"अप्पा, यात माझी काय चूक?"

"तुझी नाही. पण त्या चौकातून मला मान वर करून जाता येत नाही."

"फ्लेक्स उतरला तर?"

अप्पा हसले, पण वाईट हसले. "आज उतरला तर गाडी राहील. वाढदिवसाच्या दिवशी भाऊंचा फ्लेक्स कोण उतरवतं?"

मी ट्राइक काढली आणि चौकात गेले. भाऊ कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून स्टेजची कनात बांधून घेत होते.

"भाऊ, मी दिव्यांग नाही," मी म्हटलं, उठले आणि तिथेच दोन उड्या मारून दाखवल्या.

"अरे वा. चांगलं झालं," भाऊ म्हणाले. "पण आता छापून झालंय बेटा. पाच मिनिटं बसून राहायचं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा. फक्त उठू नको."

"त्यापेक्षा चिंधा आबांचा सत्कार करा ना, त्यांना खरंच चालता येत नाही. त्यांचा तीनचाकीचा अर्ज दोन वर्षं तुमच्याकडे पडलाय."

"आबांचा फोटो चांगला येत नाही," भाऊ म्हणाले. थट्टेत नाही, अगदी मनापासून.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. एवढ्या इस्त्रीच्या आत एवढंच होतं.

"मग निदान बसून तरी बघा," मी म्हटलं. "सलाम कशाला करताय ते कळेल."

"बसा भाऊ, व्हिडिओ काढतो," एक कार्यकर्ता म्हणाला. व्हिडिओ म्हटल्यावर भाऊ लगेच बसले.

त्यांनी चौकाला एक चक्कर मारली. मग न सांगता दुसरी मारली. चेहरा शाळा सुटल्यासारखा. तेवढ्यापुरते ते मला माणूस वाटले. पण या गाडीत बसणं सोपं, उठणं अवघड. ब्रेक दाबून धरावा लागतो. मी तसं सांगितलंही, पण भाऊंना फक्त सांगायची सवय. ते उठायला गेले की गाडी पुढे सरकायची आणि भाऊ परत आडवे. तीनदा असं झाल्यावर चार कार्यकर्त्यांनी त्यांना काखेत आणि गुडघ्यांखाली धरून उचललं आणि स्टेजवरच्या खुर्चीत नेऊन ठेवलं.

भाजीवाल्या कमलबाई समोरच होत्या. त्यांचा आवाज व्हिडिओत स्पष्ट आलाय. "अय माय, भाऊना पायले काय व्हयनं?"

व्हिडिओ अर्ध्या तासात सगळ्या कॉलनीच्या ग्रुपवर होता. दुपारी नरडाण्याहून भाऊंच्या सासऱ्यांचा रडवेला फोन आला. मग पक्षातून कुणीतरी विचारलं, पायाचं असं असेल तर प्रचार झेपेल का? लोक केळी, डाळिंबं घेऊन यायला लागले. भाऊ स्टेजवर इकडून तिकडे चालून दाखवत होते. ते जितके जोरात चालत, तितके लोक म्हणत, "हळू भाऊ, ताण देऊ नका." आणि त्यांच्या डोक्यावर तो फ्लेक्स: भाऊ, ट्राइक आणि ठळक अक्षरांत 'दिव्यांग'. येणारा प्रत्येक जण तो वाचून मान हलवायचा, कन्येचं कुणी वाचतच नव्हतं.

पाच वाजता भाऊ स्वतः ओरडले, "उतरवा रे ते." दोघं शिडी शोधेपर्यंत त्यांनी खुर्चीवर चढून एक दोरी स्वतःच्या हाताने तोडली.

चिंधा आबांना त्या संध्याकाळी कुणी बोलावलं नाही. तेवढं शहाणपण भाऊंना सुचेल असं मला वाटलंही नव्हतं.

अप्पा टपरीवरून सगळं बघत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"राहू दे गाडी," ते म्हणाले. "पण पुलावर हळू चालव."

"हो अप्पा," मी म्हटलं.

सहा वाजता, माझा सत्कार व्हायचा होता त्या वेळेला, मी पुलाच्या माथ्यावर होते. खाली चौकातल्या लाउडस्पीकरवर कुणीतरी भाऊंच्या दीर्घायुष्याबद्दल बोलत होतं. मी रेलले, पाय पुढे टाकले आणि ब्रेक सोडला.