नऊ हजार सातशे किलोमीटर

थोरलीने भावाचा बोर्डिंग पास विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या बाईंच्या टेबलावर आपटला.

"हे अंतर किती, ते सांगा."

बाईंनी चष्मा सावरून कॉम्प्युटरवर पाहिलं. "नऊ हजार सातशे किलोमीटर. हवेत साडेअकरा तास."

"साडेअकरा," शेजारच्या खुर्चीतल्या धाकट्याकडे न बघता ती म्हणाली. "आणि हे महाराज चौथ्या दिवशी उगवले."

"मधे विमान बदलावं लागतं," धाकटा म्हणाला.

"तुला कुणी विचारलंय?"

आई बुधवारी पहाटे गेली. धाकटा गुरुवारी संध्याकाळी पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. याला कळवलं कधी, असं मामांनी चारचौघांत विचारलं, तेव्हा थोरलीच्या तोंडून निघून गेलं, सोमवारी सकाळी. एकदा बोललेला शब्द तिला गिळता येईना. धाकटा एवढंच म्हणाला, की इतक्या लांबून इतक्या लवकर येता येत नाही. मग मामांनी फर्मान काढलं, दोघं जा आणि यायला किती वेळ लागतो ते तिकीटवाल्यांकडून लेखी आणा.

फोन तिने केला होता मंगळवारी रात्री. सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. सहा वर्षं आईचं हगणंमुतणं तिने काढलं, आणि कौतुक मात्र वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्या लेकाचं. निदान शेवटी तरी आई तिची एकटीची असायला हवी होती. ते तिने साधलं, आणि तेव्हापासून भाऊ तिला डोळ्यांसमोर नको झाला होता.

बाईंनी बोटांवर आकडेमोड केली. "विमान रोज संध्याकाळी एकच. घरापासून घरापर्यंत बावीस तास धरा. सोमवारी सकाळी कळलं असेल, तर मंगळवारी संध्याकाळी घरात. मंगळवारी रात्री कळलं असेल, तर गुरुवारशिवाय नाही. कधी कळलं होतं?"

थोरलीने पर्सचा पट्टा आवळून धरला. धाकट्याचा फोन त्याच्या खिशात होता आणि तिने फोन केल्याची वेळ त्या फोनमध्ये होती. काढ एकदाचा, तिच्या मनात आलं. भांडायला ती कंबर कसूनच आली होती.

त्याने खिशाला हातही लावला नाही.

"सोमवारी सकाळी," तो म्हणाला. "तसंच लिहा."

बाई लिहू लागल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उपकार करतोस माझ्यावर?"

"उपकार कसले? मी परवा चाललो, पुन्हा काही येत नाही. तुला या माणसांत राहायचंय."

शिक्का मारलेला कागद पुढे आला, पण तो घ्यायला तिचा हात उठेना. धाकट्याने घडी घालून तो तिच्या पर्समध्ये सरकवला. दारापाशी पोचल्यावर तो थांबला.

"आईने शेवटी कुणाचं नाव घेतलं?"

माझं, असं म्हणायला तिची जीभ वळली होती. तिला खोटं ठरवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"तुझं," ती म्हणाली. "दोन्ही दिवस. दुसऱ्या कुणाचंच नाही."