कंसातली सव्वातीन

साप्ताहिकात ‘संगणक-सल्ला’ नावाचं सदर लिहिणाऱ्या माणसाला बाहेरचे लोक तज्ज्ञ समजतात आणि घरचे लोक तज्ज्ञ म्हणतात. या दोन्हींत किती अंतर आहे, हे त्याला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. ताईने “अरे तज्ज्ञ, जरा इकडे ये” अशी हाक मारली की बहुतेक वेळा बल्ब बदलायचा असे.

आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच सुईदोऱ्याच्या जोरावर त्याला वाढवलं, शिकवलं. आता तिचा स्वतःचा भरतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भावजी कापड बेतायचे आणि इस्त्री करायचे, आतल्या खोलीत बारा सुयांचं यंत्र आणि त्याला हुकूम सोडणारा एक जुना संगणक. कधीतरी आपणही ताईच्या उपयोगी पडावं, अशी तज्ज्ञाची फार इच्छा होती. अडचण एवढीच, की त्याला जे येत होतं त्याची ताईला गरज पडत नव्हती.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. लाल मखमलीवर एक भलंमोठं झाड, मुळांपासून शेंड्यापर्यंत. पडदा सहा पट्ट्यांचा, त्यामुळे एका पट्टीवरची फांदी दुसऱ्या पट्टीवर बरोब्बर जुळायला हवी, आणि ते जुळवायचं तर आख्खं झाड एकदम संगणकाच्या पडद्यावर उघडायला हवं. ताईने फाईल उघडली. संगणकावर गोल चक्र फिरू लागलं. तिने चहा ठेवला, प्यायला, भांडी विसळली. चक्र फिरतच होतं.

“मेमरी कमी पडतेय,” तज्ज्ञ म्हणाला. हे वाक्य आयुष्यात एकदा तरी ताईसमोर म्हणायला मिळावं, असं त्याला कितीतरी वर्षं वाटत होतं. “चार जीबी आहे. मी आठ करून देतो.”

“चालेल ना मग?”

“चालेल? ताई, धावेल!”

दुसऱ्या दिवशी त्याने संगणकाची पेटी उघडली, आतली धूळ फुंकली, ती स्वतःच्याच डोळ्यांत घेतली, मेमरीच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. माहितीच्या पानावर आकडा आला, आठ. त्याने भावजींना इस्त्री बाजूला ठेवून आत बोलावलं. “बघा, दुप्पट!” भावजींनी चष्मा लावून पाहिलं, मान डोलावली. ताईने पाठीवर थाप मारली. तज्ज्ञ जमिनीपासून चार बोटं वर तरंगत घरी गेला. आठच्या पुढे कंसात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, पण आनंदात कंस कोण वाचतो?

संध्याकाळच्या आत ताईचा फोन आला. चक्र पुन्हा फिरत होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, तशी त्याने आधी वायर बदलली. मग विजेच्या दाबाला दोष दिला. शेवटी म्हणाला, “तू फार घाईने क्लिक करतेस.”

“बारा सुया एका वेळी सांभाळते मी,” ताई म्हणाली. “मला हळू क्लिक करायला शिकव आता.”

मग उरला दुकानदार. तज्ज्ञाने दुकानात जाऊन चारचौघांत आवाज चढवला. ‘माल खोटा आहे,’ ‘मी या विषयावर लिहितो,’ ‘तुम्ही मला ओळखत नाही,’ सगळं म्हणून झालं. दुकानदार खरोखरच ओळखत नव्हता. त्याने शांतपणे त्या पट्ट्या आपल्या संगणकात बसवल्या आणि पडदा तज्ज्ञाकडे वळवला. आठच्या आठ जीबी, निखळ. रांगेतला एक माणूस खोकला. तो खोकला नव्हता हे तज्ज्ञाला कळलं.

परत येऊन त्याने पट्ट्या पुन्हा बसवल्या आणि नाक पडद्याला लावून आता सगळी ओळ वाचली. आठ जीबी, आणि कंसात: वापरण्याजोगी सव्वातीन.

त्याचा चेहरा पाहून ताईच जवळ आली. “काय झालं रे?”

“संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी आहे. बत्तीस बिटची. मेमरीतल्या प्रत्येक जागेला तिला एकेक पत्ता द्यावा लागतो, आणि तिच्याकडे पत्तेच मुळात चार जीबीपुरते. त्यातलेही काही आतल्या बाकीच्या भागांसाठी राखीव जातात. उरतात सव्वातीन.”

“म्हणजे तू खोल्या बांधल्यास, पण तिथे जायला वाट नाही.”

“तसंच.”

“आणि आधी चार होती तेव्हा?”

“तेव्हाही सव्वातीनच,” तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की भावजींना बाहेरून “किती?” असं विचारावं लागलं.

सगळ्यात बोचलं ते वेगळंच. मागच्याच वर्षी त्याने सदरात लिहिलं होतं: ‘मेमरी वाढवण्यापूर्वी आपली सिस्टिम किती बिटची आहे ते अवश्य पाहावे.’ कुठून तरी वाचून लिहिलं होतं. वाचकांनी पाहिलं असेल. लेखकाने पाहिलं नव्हतं.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. तज्ज्ञ बसला नाही. ताई आणि भावजी पडद्याचं माप घ्यायला नाट्यगृहात गेले, तेव्हा त्याने जुनी डिस्क काढून नवी लावली आणि तिच्यावर चौसष्ट बिटची सिस्टिम चढवली. आठही जीबी हजर! झाड डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. फांद्या, पानं, एका घरट्यातली तीन अंडीसुद्धा. त्याला भरून आलं. त्याने भरतकाम सुरू करायचं बटण दाबलं. यंत्र हललं नाही. पुन्हा दाबलं. बाराच्या बारा सुया त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

ते यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, आणि यंत्राला लागणारा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चाले. हे त्याला कळलं तेव्हा दारात ताई उभी होती.

“यंत्र का गप्प आहे?”

त्याने सांगितलं. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि मखमलीच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली, “जुन्यावर झाड उघडत नाही. नव्यावर यंत्र चालत नाही. नाही म्हणून कळवून टाकू का त्यांना?”

“जुनी डिस्क शाबूत आहे, ती लावतो,” तो घाईने म्हणाला. “पण झाड...”

“तुझ्या घरच्या संगणकात किती आहे रे मेमरी?” तिने सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“सोळा.”

“जुनी सिस्टिम?”

“नवी.”

“आणि त्यावर तू करतोस काय?”

तज्ज्ञाने खरं सांगायचं ठरवलं. “सदर लिहितो. आणि पत्ते खेळतो. एकटाच.”

आधी भावजी हसले. ते कधी हसत नसत, त्यामुळे त्यांना थांबायची सवय नव्हती. मग ताई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तज्ज्ञही हसला, कारण काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालणाऱ्याने दुसरं करायचं तरी काय?

त्याच दिवशी त्याचा संगणक रिक्षातून कारखान्यात आला. त्यावर ताईने आख्खं झाड उघडलं, सांधे जुळवले आणि तुकडे पाडले. एकेक तुकडा इवलासा, जुन्या संगणकाला सहज पेलणारा. तो पेनड्राइव्हवर घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं काम तज्ज्ञाकडे आलं. सव्वातीन पावलं असतील, असं ताई म्हणायची. अधल्यामधल्या वेळात तो रिळं बदलायला शिकला, तुटलेला दोरा पकडायला शिकला. सदर तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसून हाताने लिहू लागला. “दोरा!” अशी हाक आली की वाक्य अर्धवट सोडून उठावं लागे. वाक्यं त्यामुळे लहान झाली. संपादकांनी फोन करून विचारलं, हल्ली कोणाकडून लिहून घेता?

पडदा वेळेवर लागला. पहिल्या प्रयोगाला तिघेही गेले. दिवे मंद झाले आणि लाल मखमलीवर ते झाड उजळलं, एकही फांदी न तुटता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताईने श्वास रोखून धरला होता. तज्ज्ञाला राहवलं नाही. नाटक सुरू व्हायच्या आधीच, बंद पडद्यासमोर, एकट्यानेच त्याने जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोणी बडा पाहुणा आला असावा असं समजून पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. ताईने त्याची बाही ओढली. “खाली बस, तज्ज्ञ.” पण भावजीही टाळ्या वाजवत होते, म्हणून तिने बाही सोडली.