दारातली पाठमोरी

मी एक जुने चित्र आहे. जाड पुठ्ठ्यावर छापलेले, कोपरे झिजलेले. माझ्यात एक दार आहे आणि दारात एक पाठमोरी बाई. बस्स, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, मला काढणाऱ्या चित्रकाराला मानसशास्त्राच्या मंडळींनी बजावले होते, "चेहरा काढायचा नाही. ती आत येतेय की बाहेर जातेय, तेही कळता कामा नये." बिचाऱ्याने तसेच केले. देव सगळ्यांना तोंड देऊन पाठवतो. मला नुसती पाठ मिळाली.

माझे काम स्वभाव मोजण्याचे. समोरच्या माणसाने मला पाहून गोष्ट सांगायची आणि तपासणाऱ्या बाईंनी त्यातून त्याच्या मनाचा ठाव घ्यायचा. बाई आत येताना दिसली तर आशेचे गुण, निघालेली दिसली तर दुःखाचे. कुणाला माझ्यात रुसलेली बायको दिसली, कुणाला चोर. एक गवंडी तर म्हणाला, "बाईचं सोडा हो, ही चौकट कुणी बसवली? साफ तिरकी आहे!" जो तो माझ्यात स्वतःला पाही आणि उठून जाई. बाईंना मात्र माझे भारी कौतुक. "हे चित्र फसवत नाही," असे त्या सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

एके दिवशी एक मावशी आपल्या भाचीला घेऊन आली. पोरीची आई वारलेली. मावशीच्या यजमानांची बदली परगावी झालेली. पोरीला सोबत न्यायचे की इथेच वसतिगृहात ठेवायचे, हे या तपासणीवर ठरणार होते. मावशी बाहेर बाकावर बसली. पोरीने मला हातात घेतले.

"ही काय करतेय गं?" बाईंनी विचारले.

"'येते' म्हणतेय."

"अरे वा! आणि मग?"

"मग काही नाही."

बाईंनी आशेचे गुण लिहिले. माझा जीव कासावीस झाला, पण पुठ्ठ्याला कुठली वाचा! बाई उठल्या आणि दारापाशी वळून हसत म्हणाल्या, "तू बस हं, मावशीशी बोलते. येते मी."

पोरीच्या हातून मी खाली पडले. तिने धावत जाऊन बाईंचा हात घट्ट धरला. "नको ना! आईपण 'येते' म्हणूनच दवाखान्यात गेली."

बाई दारातच थिजल्या. "अगंबाई! घरातून निघताना 'जाते' म्हणतं तरी कोण? आणि मी काय लिहून बसले!" त्यांनी पोरीला पोटाशी धरले. मग मावशीला आत बोलावले. "हिला मागे ठेवू नका. बरोबर न्या."

"मला तरी कुठं सोडवत होतं हो? आमचे हे म्हणाले, शाळा बुडेल."

"थोडी बुडू दे. पोर तरली म्हणजे झालं."

पोर मावशीचे बोट धरून गेली. मी तिथेच पालथे पडून होते. संध्याकाळी झाडणाऱ्या मामांनी उचलून कपाटात ठेवले. पुढे बाई मला क्वचितच काढीत आणि काढले तरी गुण लिहिण्याआधी विचारीत, "म्हणजे काय रे?" आता परीक्षा संगणकावर होतात. कपाटात अंधार आहे. इतक्या लोकांच्या गोष्टी पोटात आहेत, पण ऐकायला कुणी नाही.

मित्रांनो, माणसाचे मन मापात घालायची घाई करू नका. त्याचा शब्द आधी त्यालाच विचारा.

ती पोर आता मोठी झाली असेल. कुठल्याशा दारात उभी राहून घरच्यांना 'येते' म्हणत असेल. देवा, तिला रोज सुखरूप परत आण.