चरबीचे हात

या, असे जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर एका माणसाची गोष्ट सांगतो. रागाने सांगणार आहे, देवाने क्षमा करावी.

जनकोजी चेन्नईबाहेरच्या आवडी गावाहून रोज शहरात एग्मोरच्या एका संशोधन संस्थेत जाई. प्रयोगाच्या उंदरांचे खाणे-पिणे बावीस वर्षे त्याच्याकडे. संध्याकाळी आमच्या कीर्तनकारांमागे, राममूर्ती भागवतरांमागे, झांजा धरी. गेल्या वर्षी पुण्याहून संशोधक कमलिनीबाई आल्या. निम्म्या उंदरांना माशाचे तेल, निम्म्यांना डुकराची चरबी. कुणाच्या रक्तात ताणाचे संप्रेरक चढते आणि भुलभुलैयातली वाट कोण आधी शिकतो, ते त्यांना पाहायचे होते. दोन्ही पिठात मळायचे जनकोजीने.

तीन महिने मळले. ते तीन महिने झांजांना हात लावला नाही; दाराशी बसून नुसता ऐकायचा.

निकाल आला तर दोन्हीकडे संप्रेरक सारखेच चढलेले. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर उभे केले.

"जनकोजी, खरं सांगा. तुमच्या सोवळ्यापायी सगळ्यांनाच शेंगदाण्याचं तेल घातलंत ना?"

"ह्याच हातानं चरबी मळलों, मॅडम."

"मग आकडे सारखे कसे?"

"अस्की पिंजरे, सगळेच्या सगळे, टेबलाशी मांडून एकेकाचं रक्त काढतां. पहिला किंचाळला की बाकीचे तिथंच थरथरतात. वेगळ्या खोलीत न्या, मी तेव्हांच बोल्लों. तुमचा मदतनीस श्रीवत्स हसला. 'थाथा, अहो आजोबा, उंदरांना हरिकथा सांगता का?' म्हणाला."

"झाडू मारणाऱ्यानं मला शास्त्र शिकवू नये."

दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास चालला नाही. हा माणूस तीन महिने झांजांपासून दूर का बसला, एवढे कुणाला विचारावेसे वाटले नाही.

यंदा बाईंचा निबंध छापून आला. माझी भाची क्षमा तिथेच कामाला. तिने वाचून दाखवला. प्रयोग पुन्हा केला होता. चरबीवाल्यांचे संप्रेरक जास्त, तेलवाले वाट आधी शिकले. मध्ये एक ओळ: प्रत्येक प्राण्याचे रक्त वेगळ्या खोलीत घेतले. आभारात श्रीवत्स आहे, पिंजरे पुरवणारा दुकानदारही आहे. जनकोजी नाही.

ते सांगायला आवडीला गेलो, तर तो श्रावणातच वारला होता.

"शेवटच्या दिवसांत भागवतर स्वतः झांजा घेऊन आलेले," त्याची बायको सईबाई म्हणाली. "ह्यांनी तळहात हुंगले, अन् मागं सारल्या. अजून वास येतो बोल्ले."

ती पाहा, चटईवर ठेवलेली जोडी. कुणी उचलत नाही. आता नमन सुरू होईल. हात जोडाल तेव्हा जनकोजीला आठवा. चरबीच मळली होती त्याने.