देवानंदचं पाल

"मंजू, पाल फाटला वं!" देवानंद दारातूनच ओरडला.

मंजू मशीनवर ब्लाऊज शिवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "फाटू द्या. आपुन काय पालात राह्यनारे हाओत?"

"त्या पालाचं नाही म्हनत. बोटीचा पाल. उभा चिरला."

"समजलं मले. म्हनूनच म्हनतो, फाटू द्या."

शिडाला देवानंद पाल म्हणायचा. मुंबईच्या धक्क्यावर एका शेठच्या बोटीवर त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथले खलाशी हिंदी बोलायचे, तो शब्द त्यांचा. इथं धनजकडच्या गावात पाल म्हणजे एक तर भिंतीवरची, नाहीतर ऊसतोडीला गेलेल्या माणसांचं कापडी घर. 'देवानंदचं पाल उठलं का बे?' असं एकमेकांना विचारत पारावरची टवाळ मंडळी हसायची.

बोट शेठनंच दिली होती. नोकरी सुटताना देवानंदनं भीत भीत हिशोबाचं विचारलं, तर शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, हिशोब कसला करतोस? ती धाकटी बोट घेऊन जा. आजपासून तुझी." शेठ महाहुशार. पोसवत नाही आणि विकवतही नाही असा हत्ती नोकराला बक्षीस देऊन तो मोकळा झाला. आणि आमचा हा भोळा सांब! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. बोट ट्रकवर लादून आणली, तेव्हा मालेगावच्या फाट्यावर लोकांना वाटलं शूटिंग आहे. पोरी मोबाइल काढून उभ्या राहिल्या. त्या ट्रकच्या भाड्यात मंजूच्या शेळ्या गेल्या.

पुढं डोलकाठी बदलायची झाली, तेव्हा म्हैस गेली. मग दोर, मग रंग, मग बुडाला लावायचं कसलंसं औषध. बोट पाण्यात असली की कुजायची आणि काठावर काढली की उन्हानं तडकायची. "दारात सवत आनली असती तं बरं झालं असतं," मंजू म्हणायची. "तिनं दोन भाकरी तं थापल्या असत्या."

तरीही ती सगळं सोसत आली होती, ती एकाच माणसापायी. तिची आई, धनीबाई.

धनीबाईचं गाव इथल्याच धरणात गेलेलं. घर, बुद्धविहाराचा ओटा, पिंपळ, सगळं पाण्याखाली. तेव्हापासून म्हातारी लेकीकडे होती, आणि तिनं जावयाजवळ आयुष्यात एकच गोष्ट मागितली. "जवाईबापू, माह्या घरावरून एक चक्कर मारून आना. घर दिसनार नाही, ठाऊक हाय मले. पन त्याच्यावरून तं जाईन!"

"मामी, पहिल्या चकरीत तुमीच," देवानंदनं शब्द दिला होता.

बोट पाण्यात सोडली त्या दिवशी धनीबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून सकाळपासून काठावर उभी होती. पण नारळ फोडायला धरण खात्याचे साहेब लोक आले, आणि नारळ फोडल्यावर ते बोटीतच बसले. बोटीत जागा ती किती! देवानंद खजील होऊन म्हणाला, "मामी, पुढच्या चकरीत." ती पुढची चक्कर काही आली नाही. काठापासून थोडं आत, बुडालेल्या पिंपळाच्या खोडाला बोटीचं बूड घासलं आणि पाणी आत यायला लागलं. बोट कशीबशी काठाला लागली आणि साहेब लोक पँटी वर करून उतरले. म्हातारी लुगडं सांभाळत घरी परत आली, आणि तिनं ते घडी करून पुन्हा पेटीत ठेवलं.

त्यानंतर बोट काठालाच. वाशीमची लग्न ठरलेली जोडपी यायची, पाल चढवून फोटो काढायची आणि जायची.

यंदा कुठं बूड सांधून झालं, तर आता पाल फाटला. इकडे धनीबाईचा दम वाढला होता. रात्रभर खोकायची. मंजूनं दोन रात्री तो खोकला ऐकला आणि तिसऱ्या दिवशी ते जाड कापड मशीनवर ओढलं.

"मायसाठी शिवतो मी. तुमच्यासाठी नाही, ध्यानात ठेवा."

लग्नसराईचे ब्लाऊज बाजूला पडले. सुया मोडल्या. मग मशीनच्या पोटात काहीतरी कडकन वाजलं. पाल शिवून झाला, पण त्या दिवसापासून मशीन टाके गाळायला लागलं. बायांनी आपली कापडं परत नेली. मंजूला रडूही आलं नाही, इतका राग आला होता.

"आता नेता ना मायले?"

"फक्त बूड खरवडून रंग मारू दे. दोन दिवस."

आणि इथंच त्याची अक्कल शेण खायला गेली. मुंबईच्या खाडीत ओहोटीला बोट चिखलात बसवायची, बूड खरवडायचं, आणि भरती आली की ती आपोआप उठते. देवानंदनं तेच केलं. उथळ काठावर आणून बोट गाळात बसवली. तेवढ्यात कालव्याचं दार उघडलं आणि पाणी मागं सरकलं. हा आपला रंग मारत बसला. संध्याकाळी बोटीभोवती नुसता चिखल. हा तिथंच बसलेला.

शेजारचा ग्यानबा बैल घेऊन चालला होता. "काहून बसला बे?"

"पानी येईन ना."

"कुठून येईन बे? आता पानी मिरगाले!"

धरणाला भरती नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण समुद्राचं मीठ खाल्लेल्या माणसाला ते कळायला ग्यानबा भेटावा लागला. बैलजोडी लावली, ट्रॅक्टर लावला. बोटीच्या पोटाखालचं पातं काळ्या मातीत असं रुतलं होतं, की दोर तुटले पण बोट हलली नाही.

पाणी रोज मागं जात होतं. एक दिवस पिंपळाचं खोड उघडं पडलं. मग विहाराचा ओटा.

"पानी येऊ द्या, मामी," देवानंद खाली मान घालून म्हणाला. "मिरगात नक्की."

धनीबाई बाजेवर उठून बसली. "पानी आलं म्हनून तं गाव गेलं, जवाईबापू. आता पानी गेलं, तं मी जातो. मंजू, काठी दे."

ती खरंच निघाली. चार पावलं टाकायची, थांबायची, छातीवर हात दाबायची, पुन्हा निघायची. तडकलेल्या गाळातून मायलेकी बोटीजवळ आल्या. बोट कुशीवर कलली होती. मंजू थांबली. तिनं डोलकाठीचा दोर सोडला, पाल खाली ओढला आणि गुंडाळून डोक्यावर घेतला.

जुन्या गावात भिंत म्हणून उरली नव्हती. नुसत्या दगडांच्या ओळी. पण म्हातारी विहाराच्या ओट्याला हात जोडून सरळ चालत गेली आणि एका ओळीच्या आत जाऊन बसली. "ही माही चूल," तिनं जमीन थापटून सांगितलं. मंजूनं वाळक्या बाभळीच्या दोन खोडांना बांधून पाल आईच्या डोक्यावर ताणला. तिनं घातलेली शिवण वर लख्ख दिसत होती. बाटलीतलं पाणी आईला पाजलं. म्हातारीचा दम हळूहळू खाली बसला. मंजू तिच्याकडे बघत राहिली आणि तिला आता मात्र रडू आलं.

उन्हातून देवानंद धावत आला. घामानं निथळत होता. दगडांची ओळ ओलांडून आत पाऊल टाकणार, तोच धनीबाई म्हणाली, "जवाईबापू, चपला तिकडं काढा. घर हाय हे."

त्यानं तापलेल्या मातीवर चपला काढल्या आणि पालाखाली येऊन बसला.

"मंजू, उन्हातून आलं मानूस. पानी दे वं."

मंजूनं बाटली हलवली. रिकामी होती. म्हातारीला ते दिसलं नव्हतं. मंजूनं नवऱ्याकडे पाहिलं आणि बाटली तशीच पुढं केली. देवानंदनं ती घेतली, तोंडाला लावली, मान मागं केली. घोट घेतल्यासारखा गळा हलवला आणि बाटली परत दिली.

"पेले का?" धनीबाईनं विचारलं.

"पेलो, मामी," तो म्हणाला.