अठ्ठावीस तासांवरचा भाऊ

आई मंगळवारी पहाटे गेली. धाकट्या क्लिमेला मेलबर्नला फोन लावला, तर तो आधी ओक्साबोक्शी रडला आणि मग वेळ मोजायला लागला. अंतर पंधरा हजार किलोमीटर, विमानं तीन, तास अठ्ठावीस. वर राजधानी स्कोपियेच्या विमानतळाहून गावापर्यंत तीन तास गाडी. लवकरातलं लवकर विमान बुधवारी सकाळचं, म्हणजे घरी पोचायला गुरुवार उजाडणार.

"ताई, फादरना विचार ना. एकच दिवस थांबवा तिला. मला तिचं तोंड बघू दे गं."

आमच्याकडे माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पुरतात. पण ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही. शेजारच्या स्पासाकाकूच्या नवऱ्याला फादर मेतोदींनी कॅनडातल्या लेकीसाठी दोन दिवस थांबवलं होतं.

मी कोट चढवला, चर्चच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. क्लिमेला कळवलं, "फादर नाही म्हणाले."

का? सांगते. अकरा वर्षं आईला कुशीवर वळवलं मी, तिचं हगणं-मुतणं काढलं मी. आणि दर रविवारी याचा फोन यायचा म्हणून म्हातारी सकाळपासून डोक्याला नवा रुमाल बांधून बसायची! शेवटच्या रात्रीही नाव घेतलं ते त्याचंच. आता हा आयता येणार, शवपेटीवर पडून रडणार आणि गाव म्हणणार, बघा लेकाची माया. राबायचं मी, मिरवायचं याने.

बुधवारी दोन वाजता पुरलं. पेटीचं झाकण लावताना स्पासाकाकू पुटपुटली, "पोरगं येतंय ना गं? थांबायचं होतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण झाकण बसलं तसं मनात आलं, हे काय केलं मी? तेव्हाही 'थांबा' म्हणता आलं असतं. तोंड उघडलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही बायका रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू आणि कॉफी घेऊन कबरीवर गेलो होतो. क्लिमे बॅगेसकट तिथेच आला. पांढरा फटक पडला होता, डोळे सुजलेले. ओल्या मातीवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

फादर आले तसा तो उठला आणि त्याने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. "माफ करा, फादर. विमानात सगळा वेळ तुम्हाला शिव्या घालत होतो. तुम्ही तरी काय करणार? नियम तो नियम."

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माझंच चुकलं, बाळा," ते म्हणाले. "थांबायला हवं होतं मी."

क्लिमे माझ्या गळ्यात पडला, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तू होतीस म्हणून ती इतकी जगली, ताई. मी नुसता फोनवरचा मुलगा."

मला ते सोसेना. "क्लिमे," मी म्हटलं, "मी फादरना विचारलंच नव्हतं."

पाठीवरचा त्याचा हात थांबला. त्याने तो काढला नाही, पण पुन्हा फिरवलाही नाही.