उन्हातली मोजणी

सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका मराठी शाळेत वसंत सरांनी आठवीच्या वर्गाला एक उपक्रम दिला. मैदानात एक मीटरची काठी उभी करायची आणि बारा ते दीड, दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीचं टोक खडूनं नोंदायचं. एकवीस मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून त्या दिवशीच्या सर्वांत आखूड सावलीवरून सुरतेचे अक्षांश काढता येतात. त्यासाठी आठवडाभर आधीच सराव सुरू झाला.

दुसऱ्याच दिवशी चार मुलींच्या आया शाळेत आल्या. मुली उन्हात काळ्या पडतील, पुढे लग्नाला अडचण येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी वाद टाळला. मग मुलगे उन्हात उभे राहू लागले आणि मुली वऱ्हांड्यात बसून त्यांनी ओरडून सांगितलेले आकडे वहीत उतरवू लागल्या.

त्या चौघींत हर्षदाची आई कलाबाईही होती. हर्षदाला वऱ्हांड्यात चैन पडेना. आकडे रोज चुकत होते. काठी कलली आहे हे तिला बसल्या जागेवरून दिसत होतं, पण मुलगे ऐकत नव्हते. चौथ्या दिवशी ती उठली, दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला, त्यावरून काठी सरळ केली आणि दीड तास तिथून हलली नाही.

संध्याकाळी कलाबाई साड्यांवर खडे चिकटवत बसली होती. लेकीचा रापलेला चेहरा पाहून तिच्या हातातली साडी खाली पडली. "उनमा जाऊ नको म्हणी सांगं होतं ना?" ती म्हणाली. उद्यापासून शाळाच बंद, असंही बजावलं. पण तेवढ्यानं जीव शांत होईना. ती पुन्हा पुन्हा उठून लेकीच्या तोंडाला बेसन लावत राहिली.

मोठी लेक धनश्री नुकतीच कामावरून आली होती. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती तपासणीचं काम करायची. रंगावरून तिला दोन स्थळांनी नाकारलं होतं. तिनं आईच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आई, मला नकार त्या लोकांनी दिला. पण उन्हात जायचं नाही, हे मला लहानपणापासून तूच सांगत आलीस. मी सावलीत राहिले. रंग आहे तोच राहिला. खो-खो तेवढा सुटला. हिला काय काय सोडायला लावणार आहेस?"

त्या रात्री साडीवर खडे चिकटवताना कलाबाईच्या मनात तेच येत राहिलं. ज्या लोकांच्या नकारानं आपण रडलो, त्यांचंच काम आपण घरात बसून करत होतो!

दुसऱ्या दिवशी ती हर्षदाला घेऊन शाळेत गेली आणि मुलींना मैदानात येऊ द्या, असं सरांना म्हणाली. "चूक माझीही आहे," सर म्हणाले. "तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं." मग टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सगळ्यांसाठी आल्या, मुलग्यांसाठीसुद्धा.

एकवीस तारखेला पावणेएक वाजता सावली सर्वांत आखूड झाली. हर्षदानं ती मोजली. एकोणचाळीस सेंटिमीटरहून थोडी कमी भरली. कागदावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून तिनं काठीच्या टोकाकडच्या कोनाला कोनमापक लावला. एकवीस अंश! नकाशातही तेच होतं. कलाबाई पदर डोक्यावर घेऊन तिथेच उभी होती. तिनं लेकीला तो त्रिकोण पुन्हा समजावून सांगायला लावला.

मित्रांनो, उन्हापासून जपायचं तर मुलगा-मुलगी दोघांनाही जपा. पण रंगाच्या भीतीनं लेकीला मैदानातून आत बोलावू नका. नाकारणारे परके असतात, पण आत बोलावणारे आपणच असतो.